सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीचा सांगाडा आणि सस्पेन्शन मजबूत करताना

घोडबंदर रस्त्यावर माजिवड्याकडून गायमुखाकडे रोज ये-जा करणाऱ्या माणसाला आपल्या गाडीच्या तब्येतीची खबर आधी कानाने लागते. डाव्या पुढच्या चाकाकडून टकटक येऊ लागते, मग गतिरोधक ओलांडल्यावर गाडी एकदा डोलून थांबण्याऐवजी दोनदा-तीनदा डोलते, आणि पुढे गायमुख घाटातील वळणावर स्टीअरिंग फिरवल्यानंतर गाडीचे नाक वळायला क्षणभर उशीर होतो. माझ्या नऊ वर्षांच्या हॅचबॅकची अशी अवस्था झाली, तेव्हा मी हे काम घरच्या पार्किंगमध्ये स्वतः केले आणि नंतर शेजारच्या दोन गाड्यांनाही मदत केली. त्या अनुभवातून पक्का झालेला क्रम येथे मांडतो: आधी झिजलेले भाग बरे करावेत, मग सांगाड्याला आधार द्यावा, आणि गाडी खाली बसवण्याचा मोह ठाण्याच्या रस्त्यांवर तरी पूर्णपणे टाळावा.

सांगाडा लवचिक असतो म्हणजे काय

आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चॅसिस नसते. पत्र्याचे दाबून आकार दिलेले भाग एकमेकांना वेल्ड करून जी पेटी तयार होते, तीच गाडीची बॉडी आणि तीच तिचा सांगाडा. ही पेटी दिसायला अचल वाटते, परंतु एक चाक खड्ड्यात आणि तिरकस समोरचे चाक उंचवट्यावर असते तेव्हा ती किंचित पिळवटते. पुढच्या बाजूला मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या गाडीत हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो, कारण या रचनेत शॉकॲब्सॉर्बर केवळ धक्के शोषत नाही, तर चाक उभे धरून ठेवणारा खांब म्हणूनही काम करतो. त्या खांबाचे वरचे टोक बॉनेटखालच्या ज्या घुमटीसारख्या भागाला बांधलेले असते, त्या टॉवरवर वळण घेताना आडवा जोर येतो. टॉवर हलला की चाकाचा कोन बदलतो आणि चालकाने ठरवलेल्या रेषेपेक्षा गाडी थोडी बाहेर जाते.

दोन्ही टॉवर आडव्या दांड्याने जोडले की एकाचा जोर दुसऱ्यावर वाटला जातो. यालाच स्ट्रट बार किंवा स्ट्रट ब्रेस म्हणतात. गाडी नवी असेल आणि तिच्या पुढच्या काचेखालची आडवी चौकट मुळातच भक्कम असेल, तर या दांड्याने पडणारा फरक फार थोडा असतो, ही गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. दहा वर्षे खड्डे खाल्लेल्या साध्या हॅचबॅकमध्ये तो जाणवतो, पण शॉकॲब्सॉर्बर आणि बुश (सांध्यांमधील रबरी अस्तर) धड असतील तरच. झिजलेल्या बुशवर स्ट्रट बार बसवणे म्हणजे खिळखिळ्या दाराला नवी कडी लावण्यासारखे आहे.

स्प्रिंगचे गणितही एकदा समजून घ्यावे. एका पुढच्या चाकावर बॉडीचा २५० किलो भार आहे आणि त्या चाकापाशी स्प्रिंगचा ताठरपणा मिलिमीटरला १८ न्यूटन आहे असे धरले, तर गाडीची डोलण्याची नैसर्गिक गती सेकंदाला सुमारे १.३५ आवर्तने येते. स्प्रिंग २५ टक्क्यांनी ताठ केली तर ही गती १.५१ होते, म्हणजे केवळ १२ टक्क्यांनी वाढते, कारण ती ताठरपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. स्टॅबिलायझर बारचे, म्हणजे वळणात गाडीला झुकू न देणाऱ्या आडव्या दांड्याचे, गणित याच्या अगदी उलट आहे. भरीव बारचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घातानुसार वाढतो, त्यामुळे २२ मिलिमीटरच्या जागी २४ मिलिमीटरचा बार घातला की तो सुमारे ४२ टक्क्यांनी ताठ होतो. दोन मिलिमीटर हा आकडा ऐकायला क्षुल्लक वाटतो, म्हणून येथे लोकांचा अंदाज हमखास चुकतो.

कायदा आणि शेजारी

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि गाडीच्या मूळ वैशिष्ट्यात फरक पडेल असा संरचनेतील बदल म्हणजे फेरफार, अशी त्याच कलमात व्याख्या आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफारासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंतची कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. म्हणून माझा नियम साधा आहे: बॉडी कापायची नाही, वेल्डिंग करायचे नाही, नवे भोक पाडायचे नाही; मूळ बोल्टच्या जागीच बसेल आणि तासाभरात काढता येईल एवढेच लावायचे. तरीही मूळ दर्जापलीकडचा एखादा भाग लावताना शंका असेल, तर गाडी एमएच-०४ ची असल्यास ठाण्याच्या आणि एमएच-४३ ची असल्यास नवी मुंबईच्या परिवहन कार्यालयात आधी विचारावे, आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे.

सोसायटीच्या सचिवांना आदल्या दिवशी सांगून ठेवणे हे सौजन्य तर आहेच, शिवाय सोयीचेही आहे, कारण हे काम एका दिवसात संपेलच असे नाही आणि अर्धी उघडलेली गाडी रात्रभर जागेवर राहू शकते. मुले खेळतात त्या बाजूला दोरी बांधावी. मी हे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत करतो. जून ते सप्टेंबरमध्ये स्टिल्टखालीही पाणी येते आणि ओल्या फरशीवर जॅक सरकतो.

जमीन, घोडी आणि हत्यारे

या कामात सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे सपाट आणि घट्ट जमीन. आपल्याकडील बऱ्याच संकुलांत पार्किंगला पेव्हर ब्लॉक असतात, आणि ॲक्सल स्टँडचे, म्हणजे गॅरेजच्या भाषेत घोडीचे, चार पाय त्या ब्लॉकच्या सांध्यात रुतून गाडी कलंडू शकते. अशा ठिकाणी प्रत्येक घोडीखाली दीड-दोन फूट चौरस आणि किमान १८ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड घालावे. काँक्रीटची फरशी असेल तर उत्तम, फक्त पाणी वाहून जाण्यासाठी तिला किती उतार दिला आहे ते लेव्हल लावून पाहावे.

दोन टनांचा ट्रॉली जॅक, चार घोड्या, मागच्या-पुढच्या चाकांना लावायला लाकडी पाचरी, सॉकेट सेट, लांब दांड्याचा ब्रेकर बार, टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच बोल्ट आवळणारा पाना), तारेचा ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, डोळ्यांना चष्मा आणि स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरची जोडी इतके पुरते. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर ही हत्यारे एका फेरीत मिळतात. ठाण्यात वागळे इस्टेटच्या आसपासही बरीचशी मिळतात. पैसे वाचवायचे असतील तर सॉकेटमध्ये वाचवावेत, घोड्यांत आणि कॉम्प्रेसरमध्ये मात्र वाचवू नयेत. गाडीबरोबर आलेला कात्रीसारखा जॅक केवळ पंक्चरसाठी असतो. कोणत्याही जॅकवर तोललेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग घालू नये. गाडी घोड्यांवर बसल्यानंतर तिला बाजूने जोर लावून हलवून पाहावे आणि ती ढिम्म राहिली तरच खाली जावे.

आपल्या मॉडेलचे वर्कशॉप मॅन्युअल मिळवावे आणि त्यातील टॉर्कचे, म्हणजे कोणता बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचे, आकडे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवावेत. आकडा सापडतच नसेल तर ८.८ दर्जाच्या कोरड्या बोल्टसाठी एम८ ला (म्हणजे ८ मिलिमीटर व्यासाच्या बोल्टला) सुमारे २५, एम१० ला सुमारे ५० आणि एम१२ ला सुमारे ८५ न्यूटन-मीटर हा सर्वसाधारण अंदाज असतो, परंतु सस्पेन्शनच्या बोल्टना तो लावू नये, तेथे उत्पादकाचाच आकडा हवा.

आधी तपासणी, मग खरेदी

खर्च करण्यापूर्वी अर्धा दिवस निदानाला द्यावा. दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे टायरमधील हवा भरावी, कारण अर्ध्या तक्रारी तेथेच मिटतात. टायरवर ठिकठिकाणी वाटीसारखी खोलगट झीज दिसत असेल तर शॉकॲब्सॉर्बर थकल्याची ती खूण आहे. शॉकॲब्सॉर्बरच्या नळीवर हलका तेलकट धुरळा असणे चालते, पण तेलाचा ओघळ दिसला तर तो बदलायलाच हवा, आणि एका बाजूचा गेला तरी त्या ॲक्सलवरचे दोन्ही बदलावेत.

वरच्या माउंटिंगमधील बेअरिंग तपासण्यासाठी गाडी जमिनीवर असताना एकाने स्टीअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे आणि दुसऱ्याने स्प्रिंगच्या बाहेरच्या बाजूवर तळहात टेकवावा. स्प्रिंग सरळ फिरण्याऐवजी झटक्याने सुटत असेल तर बेअरिंग अडकले आहे. लोअर आर्मच्या (चाकाला खालून बॉडीशी जोडणाऱ्या भुजेच्या) बुशमध्ये पहार घालून हळूच उचकून पाहावे आणि रबर धातूपासून सुटले आहे का ते बघावे. लिंक रॉडचे, म्हणजे स्टॅबिलायझर बारला जोडणाऱ्या छोट्या दांड्याचे, टोक हाताने हलवल्यावर टकटक करत असेल, तर घोडबंदर रस्त्यावर ऐकू येणारा आवाज बहुधा त्याचाच असतो, आणि हा भाग सर्वांत स्वस्त आहे. मी स्वतः आधी शॉकॲब्सॉर्बरची जोडी विकत आणली आणि मग लिंक रॉड तपासला. क्रम उलटा असता तर निम्मे पैसे वाचले असते.

याच वेळी प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे. जमिनीपासून मोजले तर टायरमधील हवेचा फरक त्यात मिसळतो. चाकाच्या मध्यापासून मोजलेला आकडा पुढे दोनदा उपयोगी पडतो.

पुढचे स्ट्रट काढणे

आदल्या रात्री सर्व बोल्ट तारेच्या ब्रशने साफ करून त्यांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवावा. खाडीकाठच्या हवेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे, विशेषतः कोपरी, कळवा, वाशी आणि ऐरोलीच्या बाजूचे, बोल्ट पहिल्या प्रयत्नात सुटत नाहीत. आमच्या इमारतीतील एक काका आयुष्यभर रबाळ्याच्या एमआयडीसीत फिटर होते. पहिल्या दिवशी मी पान्यावर पाइप चढवायला निघालो तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, “अरे, बोल्ट सुटत नसेल तर आधी थोडा आवळून बघ, मग सोड.” किंचित आवळण्याने गंजाची पकड तुटते आणि आटे वाचतात. त्यानंतर मी हीच पद्धत वापरतो.

गाडी जमिनीवर असतानाच चाकाचे नट अर्धा फेरा ढिले करावेत. हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना पाचरी लावाव्यात, पुढचा भाग उचलून दोन्ही बाजूंना मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी घोड्या द्याव्यात आणि चाके काढावीत. काढलेले चाक गाडीच्या उंबऱ्याखाली आडवे सरकवून ठेवावे. घोडी घसरलीच तर गाडी चाकावर अडते.

स्ट्रटला अडकवलेली ब्रेकच्या होजची (तेलाच्या लवचिक नळीची) क्लिप आणि चाकाचा वेग मोजणाऱ्या एबीएस सेन्सरची वायर प्रथम मोकळी करावी. लिंक रॉडचा नट सोडताना मधली खुंटी फिरू लागते, तिला ॲलन कीने धरावे. स्ट्रट ज्या दोन मोठ्या बोल्टनी नकलला (चाक ज्यावर बसते त्या भागाला) बांधलेला असतो, त्यांच्या डोक्याभोवती पांढऱ्या मार्करने रेघ काढून घ्यावी, कारण काही गाड्यांत येथील भोक लांबट असते आणि बोल्ट नेमका कोठे बसला होता यावर चाकाचा कोन ठरतो. हे बोल्ट काढण्याआधी नकलला दोरीने किंवा छोट्या ठोकळ्याने आधार द्यावा. तो बाहेरच्या बाजूला लोंबकळला तर ब्रेकचा होज ताणला जातो आणि ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनाची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याचा) आतला सांधा निखळतो. मग एका दिवसाचे काम तीन दिवसांवर जाते.

आता बॉनेट उघडून टॉवरवरचे बाहेरचे दोन किंवा तीन नट सोडावेत आणि शेवटचा नट काढताना खालून स्ट्रट हाताने धरावा. मध्यभागी जो एक मोठा नट दिसतो त्याला या टप्प्यावर हात लावू नये. तो नट दाबलेल्या स्प्रिंगला रोखून धरतो. मिलिमीटरला २० न्यूटनची स्प्रिंग १५० मिलिमीटर दाबलेली असेल तर ती ३,००० न्यूटन, म्हणजे सुमारे ३०० किलोच्या जोराने बाहेर पडू पाहते. स्ट्रट गाडीबाहेर असताना तो नट तसाच सोडला तर वरची वाटी बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. काही गाड्यांत टॉवरचे टोक पुढच्या काचेखालील प्लॅस्टिकच्या पट्टीआड असते आणि तेथे बाहेरचे नट नसून केवळ मधलाच एक नट असतो. अशी रचना असेल तर नवख्या माणसाने स्ट्रटचे काम घरी करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

स्प्रिंग दाबणे

कॉम्प्रेसरचे दोन्ही भाग स्प्रिंगच्या बरोबर समोरासमोर लावावेत, आकडे शक्य तितक्या जास्त वेढ्यांवर बसवावेत आणि आटे तेल लावून तपासावेत. हाताच्या पान्यानेच, दोन-तीन फेरे एका बाजूला आणि तितकेच दुसऱ्या बाजूला, असे आळीपाळीने आवळत जावे. इम्पॅक्ट गन वापरू नये, कारण तिने आट्यांवर उष्णता आणि झटके दोन्ही येतात. काम करताना स्प्रिंगचे टोक आपल्या किंवा दुसऱ्या कोणाच्या तोंडाकडे रोखलेले नसावे. स्प्रिंग दोन्ही वाट्यांमध्ये हाताने हलू लागली की ती मोकळी झाली असे समजावे, आणि तेव्हाच मधला नट उघडावा.

ज्यांना या टप्प्याची धास्ती वाटते त्यांनी ती अवश्य मानावी. सुटा केलेला स्ट्रट पिशवीत घालून वागळे इस्टेटमधील किंवा तुर्भ्यातील एखाद्या चांगल्या गॅरेजमध्ये न्यावा, तेथील प्रेसवर केवळ स्प्रिंगची अदलाबदल करून घ्यावी आणि उरलेले सगळे काम घरी करावे. माझ्या शेजाऱ्यांच्या गाडीला आम्ही तसेच केले.

माउंटिंग, बेअरिंग, वरची वाटी, बंप स्टॉप (शेवटचा धक्का झेलणारा मऊ ठोकळा) आणि धुळीचे आवरण कोणत्या क्रमाने निघाले याचे फोटो काढून ठेवावेत. नवा गॅसचा शॉकॲब्सॉर्बर आडवा साठवलेला असतो, म्हणून उभा धरून तो चार-पाच वेळा पूर्ण दाबून सोडावा; आतील हवा आणि तेल आपापल्या जागी गेले की तो एकसारखा जोर देऊ लागतो. त्याचा चकचकीत दांडा पक्कडीने कधीही धरू नये. बारीक ओरखडासुद्धा प्रत्येक हेलकाव्याला तेलाचे सील कापत राहतो आणि नवा भाग पावसाळ्यापूर्वीच गळू लागतो. स्प्रिंगचे कापलेले टोक खालच्या वाटीतील खाचेला टेकले आहे याची खात्री करून मधला नट मॅन्युअलच्या टॉर्कने आवळावा आणि मगच कॉम्प्रेसर पुन्हा आळीपाळीने सैल करावा.

स्प्रिंगच्या निवडीबद्दल माझे मत ठाम आहे. मूळ उंचीच्या स्प्रिंग ठेवाव्यात आणि चांगल्या दर्जाचे, थोडे कडक शॉकॲब्सॉर्बर घ्यावेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या आयआरसी:९९ मानकात गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असावा असे सांगितले होते, तर सोसायट्यांच्या फाटकापाशी घातलेले आडवे उंचवटे फूट-दीड फूट रुंद असतात आणि चाकाला चढ मिळण्याआधीच गाडीचे पोट घासते. उंची ३० मिलिमीटरने कमी केलेली गाडी पामबीच रस्त्यावर देखणी धावते, पण ती घरापर्यंतही न्यायची असते. शिवाय उंची कमी केली की बंप स्टॉप लवकर टेकतो, आणि मग खड्ड्यातला पूर्ण धक्का थेट त्याच टॉवरवर जातो ज्याला आपण मजबूत करायला निघालो आहोत.

बुश आवळण्याची योग्य वेळ

लोअर आर्मचा रबरी बुश आतल्या आणि बाहेरच्या धातूच्या नळीला चिकटवलेला असतो. चाक हलते तेव्हा तो घसरत नाही, पिळला जातो. गाडी घोड्यांवर आणि चाके लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळला, तर बुश त्या लोंबकळलेल्या स्थितीत पक्का होतो. गाडी जमिनीवर आली की तो कायमचा पिळलेला राहतो आणि प्रत्येक खड्ड्याला आणखी पिळला जातो. पहिल्या वेळी मी हीच चूक केली आणि नवे बुश एका पावसाळ्यात फाटले. तेव्हापासून मी बोल्ट आधी केवळ टेकेपर्यंत फिरवतो, नकलखाली जॅक लावून चाकाचा मध्य आणि मडगार्डची कड यांतील अंतर सुरुवातीला लिहून ठेवलेल्या आकड्याइतके होईपर्यंत उचलतो, आणि त्या उंचीवर टॉर्क रेंचने आवळतो. उचलताना गाडी घोडीवरून सुटू लागली तर लगेच थांबावे. मग चाके बसवून ती भक्कम लाकडी फळ्यांवर उतरवावी आणि बोल्ट त्या स्थितीत आवळावा.

रबराच्या जागी पॉलियुरेथेन बुश घालण्याचा सल्ला अनेक जण देतात. त्या बुशनी गाडी अधिक नेमकी वळते हे खरे आहे, पण त्यांना सिलिकॉन ग्रीस लागते, आपल्याकडच्या पावसात ते धुऊन निघते आणि मग गाडी प्रत्येक गतिरोधकावर करकरते. रोजच्या गाडीला मूळ रबर अधिक योग्य आहे.

मागची बाजू

टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाके जोडणारा, पिळ खाणारा आडवा तुळई) असलेल्या बहुतेक हॅचबॅकमध्ये मागचे काम पुढच्यापेक्षा कितीतरी सोपे असते, कारण स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर वेगवेगळे बसवलेले असतात. गाडी घोड्यांवर घेऊन बीमखाली जॅकचा आधार द्यावा, दोन्ही बाजूंचे खालचे बोल्ट काढावेत आणि ब्रेकचा होज व हँडब्रेकची केबल ताणली जात नाही हे पाहत बीम सावकाश खाली आणावा. स्प्रिंग हाताने बाहेर येतात. रबरी बैठकी तडकल्या असतील तर त्याच वेळी बदलाव्यात. येथेही शॉकॲब्सॉर्बरचे बुश गाडीच्या नेहमीच्या उंचीवरच आवळायचे आहेत.

स्ट्रट बार बसवणे

हे काम गाडी चारही चाकांवर सपाट जमिनीवर उभी असताना करायचे असते. एक कोपरा जॅकवर असताना बार आवळला तर पिळवटलेली बॉडी तशीच जखडली जाते. एक अखंड बार किंवा दोन्ही टोकांना वेल्ड केलेल्या पट्ट्या असलेला बार निवडावा. टोकाला बिजागरीसारखा एकच बोल्ट असलेला स्वस्त बार त्या बोल्टभोवती फिरतो, आणि टॉवर वाकू लागल्यावर जो आधार द्यायचा तो देत नाही.

टॉवरवरची धूळ आणि वाळलेला चिखल पुसून घ्यावा. एका बाजूचे बाहेरचे नट काढून पट्टी बसवावी, नट हाताने लावावेत, मग दुसरी बाजू घ्यावी. दोन्ही बाजू एकाच वेळी मोकळ्या करू नयेत. पट्टीची जाडी मधे आल्यानंतर बोल्टचे किमान दोन आटे नटाच्या बाहेर दिसायला हवेत. ते दिसत नसतील तर तो बार आपल्या गाडीचा नाही असे समजून परत करावा. लांबी जुळवता येणारा बार असेल तर तो ना ताणलेला ना दाबलेला अशा स्थितीत आणून मगच सर्व नट टॉर्कने आवळावेत.

बॉनेट आपटून बंद करण्याआधी बारच्या सर्वांत उंच जागी मळलेल्या कणकेच्या चार गोळ्या ठेवाव्यात, बॉनेट हळूच लावून पुन्हा उघडावे आणि गोळ्या किती चेपल्या ते मोजावे. किमान १० मिलिमीटर जागा हवी. इंजिनही माउंटिंगवर डोलते, म्हणून हँडब्रेक लावून आणि ब्रेक दाबून ठेवून मदतनिसाने क्लच किंचित सोडावा, आणि आपण बाजूला उभे राहून इंजिनाचा कोणताही भाग बारला टेकतो का ते बघावे. या वेळी गाडीच्या समोर कोणीही उभे राहू नये.

खालच्या बाजूचा बार, म्हणजे दोन्ही लोअर आर्मच्या बैठकी जोडणारा, माझ्या अनुभवात वरच्यापेक्षा अधिक उपयोगी ठरला, कारण चाकाचा आडवा जोर प्रथम तेथेच येतो. मात्र तो जमिनीपासूनची उंची कमी करतो. खरेदीपूर्वी त्याची सर्वांत खालची कड सबफ्रेमच्या (इंजिनाखालच्या चौकटीच्या) खाली किती येते ते पाहावे. १५ मिलिमीटरपेक्षा जास्त येत असेल तर घेऊ नये. मागच्या बीमला जाड स्टॅबिलायझर बार लावण्याचा विचार मी जाणीवपूर्वक सोडून दिला. मागची बाजू ताठ केली की गाडी वळणात अधिक चपळ होते, पण जुलैत मुंब्रा बायपासच्या ओल्या उतारावर ब्रेक दाबताना तीच मागची बाजू आधी सुटू शकते.

अलाइनमेंट आणि रस्त्यावरची चाचणी

चाकाचे नट गाडी जमिनीवर आल्यावर चांदणीच्या क्रमाने, मॅन्युअलच्या टॉर्कने आवळावेत. छोट्या हॅचबॅकमध्ये हा आकडा साधारणतः ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. ब्रेकचे पेडल दोन-तीनदा दाबून पाहावे, स्टीअरिंग दोन्ही टोकांना नेऊन होज आणि एबीएसची वायर कोठे घासत नाही ना ते बघावे, आणि पहिली फेरी सोसायटीच्या आवारातच चालण्याच्या वेगाने घ्यावी.

त्यानंतर थेट अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घ्यायला, जावे. स्ट्रटचे बोल्ट रेघेवर बरोबर बसवले असले तरी टो (चाकाचे तोंड आत किंवा बाहेर वळलेले असण्याचा कोन) आणि कॅम्बर (चाकाचा उभा कल) थोडे सरकतातच, आणि टो चुकलेली गाडी काही हजार किलोमीटरमध्ये टायरची कड खाऊन टाकते. तंत्रज्ञाकडून आधीचे आणि नंतरचे आकडे छापील मागून घ्यावेत. डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये अर्ध्या अंशाहून अधिक फरक उरला असेल तर एखादा बोल्ट जागेवर बसलेला नाही किंवा एखादा भाग वाकलेला आहे. उंची थोडीही बदलली असेल तर हेडलाइटची पातळी जुळवून घ्यावी.

चाचणीसाठी मी नेहमी एकच रस्ता, एकच वेग आणि गाडीत तेवढीच माणसे ठेवतो, आणि एका वेळी एकच बदल करतो. शॉकॲब्सॉर्बर बदलल्यानंतर आठवडाभर तशीच गाडी चालवली, मग स्ट्रट बार लावला, त्यानंतर दोन आठवड्यांनी खालचा बार लावला. सगळे एकाच रविवारी बसवले असते तर कोणत्या भागाने काय केले ते कधीच कळले नसते. शॉकॲब्सॉर्बरने डोलणे थांबले, बुशने स्टीअरिंगची ढिलाई गेली, आणि दोन्ही बारमुळे गायमुखच्या वळणात नाक वळण्यातला तो क्षणभराचा उशीर बराच कमी झाला. खर्चाच्या मानाने सर्वांत मोठा फायदा बुशचा होता.

शंभर किलोमीटर झाल्यावर सर्व बोल्टवर पुन्हा एकदा टॉर्क रेंच फिरवावा, कारण नव्या पट्ट्या आणि रंगाचे थर बसल्यावर पकड थोडी सैल होते. चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचे अंतर तेव्हाच पुन्हा मोजून पहिल्या आकड्याशी ताडून पाहावे. एका बाजूला पाच मिलिमीटरहून अधिक फरक असेल तर स्प्रिंगचे टोक खाचेत बसलेले नाही असा संशय धरून तो स्ट्रट पुन्हा उघडावा. गळलेले तेल मातीत किंवा गटारात न जाऊ देता डब्यात भरून जुने तेल घेणाऱ्या गॅरेजला द्यावे. आणि ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबला की बारच्या पट्ट्यांखाली गंज धरला आहे का ते एकदा नट काढून पाहावे, कारण पट्टी आणि टॉवर यांच्या फटीत अडकलेले पाणी वरून कधीच दिसत नाही.